तीन थरांचं स्टील पॅकिंग, आठ महिन्यांनंतर

इंजिनाचा धूर गोळा करून पुढे नेणारा बिडाचा मूळ मॅनिफोल्ड काढून गाडीला स्टेनलेसच्या पाइपांचा हेडर बसवला आणि वर्षभरात एक्झॉस्टची तीन पॅकिंग (इंजिन आणि हेडरच्या मधला सांधा बंद करणारी गॅस्केट) उडाली. तिन्ही फायबरची. चौथं, तीन थरांचं स्टीलचं, आठ महिने आणि नऊ हजार किलोमीटर टिकून आहे. पण सगळं श्रेय मी पॅकिंगला देणार नाही, आणि ते सांगायलाच हे लिहितोय.

गळती ओळखण्यातच महिना गेला. थंड इंजिन चालू केलं की टिक-टिक, रेस केलं की तीच टिक-टिक भराभर. पाचेक मिनिटांत धातू तापून फुगला की फट बुजायची आणि आवाज बंद. म्हणजे गॅरेजमध्ये पोचेपर्यंत गाडी गप्प! दोनदा टॅपेट (झडपा हलवणारे भाग, तेही असेच वाजतात) तपासून झाले. शेवटी गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवली आणि सकाळी मेकॅनिकसमोर चालू केली, तेव्हा कुठे त्याला पटलं.

दरम्यान पेट्रोल जास्त जात होतं. फटीतून गॅस बाहेर पडतो तसा प्रत्येक धक्क्यानंतर दाब पडला की बाहेरची हवा आतही ओढली जाते. ऑक्सिजन सेन्सरला ती हवा दिसते, मिश्रण पातळ झालंय असं समजून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल वाढवतो. माझा फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणकाने पेट्रोलमध्ये केलेली वाढ-घट, आयडलला (गाडी उभी असताना) अधिक 14 टक्के होता, आता 3 च्या आत असतो.

जुनं पॅकिंग काढलं तेव्हा तिसऱ्या आणि चौथ्या पोर्टच्या (धूर बाहेर पडायच्या भोकांच्या) मध्ये काजळीचा पंखा उमटलेला होता, कडेला दाट, बाहेर विरत गेलेला. फ्लँजवर (हेडरची इंजिनाला बसणारी सपाट पट्टी) स्टीलची सरळ पट्टी उभी धरली आणि नेमकं तिथेच फट मोजायच्या फिलर गेजचं 0.25 मिमीचं पातं सहज आत गेलं. पाइप वेल्ड करताना फ्लँज ओढली गेली होती. त्याच वाकड्या फ्लँजवर मी तीन पॅकिंग वाया घालवली, याचं मला अजून वाईट वाटतं. मिलिंग मशीनवर फेसिंग करून, म्हणजे सपाट करून आणलं, आता 0.05 चं पातंही शिरत नाही.

दुसरं कारण फुगण्याचं. स्टेनलेस बिडाच्या साधारण दीडपट फुगतं. 40 सेंटिमीटरची फ्लँज 400 अंशांनी तापली की पावणेतीन मिलिमीटर वाढते, पाण्याने थंड राहणारं हेड (इंजिनाचा वरचा भाग, ज्याला फ्लँज बसते) मात्र तेवढं हलत नाही. ही घासाघीस फायबर सोसत नाही, त्याच्या कडा झिजून सुटतात. स्टीलचे थर एकमेकांवर सरकतात, म्हणून ते टिकतं. टोकांची भोकं लांबट करून घेतली, मधली तशीच ठेवली.

फ्लँज धरणारा एक स्टड (हेडमध्ये बसवलेला आट्यांचा दांडा) काढताना तुटला, अर्धा दिवस त्यातच गेला. सगळे स्टड नवे टाकले आणि तांब्याचा मुलामा असलेले लॉकनट घेतले. स्टेनलेसवर स्टेनलेस नट तापून चिकटतो आणि आटे घेऊन जातो. मॅन्युअलमधला टॉर्क (आवळण्याचा जोर) मधून बाहेर, तीन फेऱ्यांत दिला. 300 किलोमीटरनंतर थंड इंजिनावर तपासलं तर दोन नट पाव फेरा फिरले. 1000 ला एकही हलला नाही. हे पुन्हा आवळणं चुकवू नका.

पाइपला गिअरबॉक्सकडून ब्रॅकेट आणि पुढे लवचिक बेलो लावला. नाहीतर इंजिन डुललं की सायलेन्सरचा सगळा भार फ्लँजवर येतो. आधीच्या गॅरेजने पोर्टभोवती लाल सिलिकॉन लावलं होतं, ते जळून भुगा झालं होतं. पोर्टजवळच्या तापमानात ते टिकतच नाही.

तक्रार एकच: हे पॅकिंग ओरखडा माफ करत नाही. हेडवर जुन्या पॅकिंगचा एक कण राहिला तरी तिथून फुसफुसतं. फायबर अशा ठिकाणी दबून जागा भरतं. पृष्ठभाग नीट करायची तयारी नसेल तर हे घेऊ नका.

आणि गळती असताना गाडी चालवत राहू नका. एका लांबच्या प्रवासात मागे बसलेल्या मुलीचं डोकं दुखायला लागलं, तेव्हा ब्लोअर बाहेरची हवा ओढत होता. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे आत काहीच जाणवलं नव्हतं. त्या दिवशी मी सगळ्या काचा खाली करून घरी आलो आणि काम होईपर्यंत गाडी हलवली नाही.

गेल्या रविवारी व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू सायलेन्सरला लावून सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी मारलं. हेडरच्या फ्लँजवर एकही बुडबुडा नाही. कलेक्टरच्या (हेडरचे पाइप एकत्र येतात त्या) सांध्यावर मात्र बारीक फेस आला, तिथली रिंग अजून जुनीच आहे. नवी मागवली आहे.