लेव्हल बनवायला ओसू की जिओमेट्री डॅश?

ओसू आणि जिओमेट्री डॅश हे दोन्ही गाण्याच्या ठेक्यावर खेळायचे व्हिडिओ गेम आहेत, आणि दोन्हींत एडिटर, म्हणजे स्वतःची लेव्हल रचायचे साधन, मिळते. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावी बसून मी दोन्ही एडिटरांत लेव्हल बनवल्या आहेत, त्यामुळे पुढचे मत अनुभवाचे आहे, मोजमापाचे नाही.

२०१३ साली आलेल्या जिओमेट्री डॅशचे पारडे सोयीच्या बाबतीत जड आहे. एडिटर फोनवरच चालत असल्याने भारनियमनातही काम अडत नाही, आणि रंग व हालचाल गाण्याच्या ठेक्याला बांधण्याचा आनंद तिथे मोठा आहे. खेळणाऱ्याने नेमक्या क्षणी बोट दाबून काट्यांवरून उडी मारायची असते, आणि मला अडले ते तिथेच. माझा चुलतभाऊ माझ्या लेव्हलमधल्या एका काट्यावर पुन्हा पुन्हा आपटत होता आणि शेवटी त्याने विचारले, "दादा, मी आंधी दाबून रायलो का मांगून?" मला उत्तर देता आले नाही, कारण त्या खेळात उडी मुकी असते, आवाज येतो तो आपटल्यावर, आणि त्यातून चूक झाली एवढेच कळते, कोणत्या बाजूला झाली ते कळत नाही. २०२३ च्या २.२ आवृत्तीपासून लेव्हलमध्ये वेगळे आवाज घालता येतात खरे, परंतु ते सहसा जागेला बांधले जातात, बोटाला नव्हे.

संध्याकाळच्या प्रार्थनेत खंजिरी वाजवणाऱ्या पोराला थाप मागे पडल्याचे दुसऱ्याने सांगावे लागत नाही. २००७ पासूनच्या ओसूमध्ये मला तेच सापडले. तिथे ठेक्यावर दाबायच्या प्रत्येक वर्तुळाला साधा ठोका, शिट्टी, झांज किंवा टाळी देता येते, आणि तो आवाज बोट पडते त्या क्षणी वाजतो. मी दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर, म्हणजे गाण्यातला स्नेअर (ड्रमचा करकरीत ठोका) पडतो तिथे, टाळी ठेवतो. खेळणारा किंचित घाई करतो तेव्हा त्याची टाळी आधी आणि गाण्यातला ठोका नंतर असे दोन आवाज फुटून ऐकू येतात, आणि पुढच्या खेपेला हात आपोआप सावरतो.

एक अट मात्र आहे. ब्लूटूथ इअरफोनवर आवाज उशिरा पोहोचतो. ऑफसेट, म्हणजे गाणे किती मागे-पुढे वाजावे याची सेटिंग, बदलून गाणे जुळवता येते, पण बोटानंतर निघणारी टाळी त्याने लवकर येत नाही, आणि उशिरा आलेली टाळी नसलेल्या टाळीपेक्षा जास्त फसवते. ज्यांच्याकडे फक्त फोन आणि बिनतारी इअरफोन आहेत, त्यांनी कदाचित जिओमेट्री डॅशच घ्यावे. लॅपटॉप आणि तारेचा साधा इअरफोन हाताशी असेल, तर मी ओसूकडेच बोट दाखवीन.