दुसरी वाटी गरम येते का? कोल्हापुरात दहा महिने जेवल्यानंतरचं मत

कोल्हापुरात कुठं खावं याच्या याद्या पैशाला पासरी आहेत आणि मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा म्हणजे काय हे वाचणाऱ्याला सांगायला नको. त्यामुळे थेट मुद्द्यावर येते. गेल्या रविवारी एका नावाजलेल्या खानावळीत पांढऱ्याची पहिली वाटी झकास आली. दुसरी मात्र कोमट होती. वर तुपाचे डोळे, खाली पाणी आणि मधे दाणेदार चोथा. बिलात तिचे पैसे वेगळे लावलेले. मटण चांगलं होतं, भाकरी गरम होती, वाढणारा पोरगाही अदबीनं वागला. तरी त्या जागेचे गुण कापले, कारण पहिली वाटी सगळेच नीट देतात. स्वयंपाकघराची खरी परीक्षा दुसऱ्या वाटीत होते.

पांढरा फुटतो कशानं, हे कळलं की जागा निवडणं सोपं जातं. मटण शिजवताना सुटलेलं अळणी पाणी, त्यात नारळाचं दूध, वाटलेले काजू, खसखस, तीळ आणि वरून लवंग-दालचिनी-मिरीची फोडणी, असा हा रस्सा. नारळाचं दूध घातल्यावर त्याला खळखळून उकळी चालत नाही. उकळी आली की दूध फुटतं, चरबी वर येते आणि चोथा वेगळा होतो. दुपारी बाराला केलेला रस्सा अडीचला मोठ्या आचेवर पुन्हा गरम केला की हमखास हेच होतं. ज्यांना कळतं ते पांढऱ्याचं पातेलं गरम पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवतात, थेट आचेवर ठेवत नाहीत. काउंटरवरून आत नजर जात असेल तर एवढं एक बघून घ्यावं.

दुसरी भानगड डावाची. खसखस आणि काजूचं वाटण तळाशी बसतं. घाईत वाढणारा वरवरचा डाव घालतो आणि वाटीत नुसतं पांढुरकं पाणी येतं. "खालून ढवळून घाल रं" एवढं म्हटलं तरी फरक पडतो, आणि कोल्हापुरात असं म्हटल्याचा कुणी राग धरत नाही.

काही ठिकाणी दाटपणा कॉर्नफ्लोअरने आणतात. वाटी पाच मिनिटं तशीच ठेवा. वर साय धरल्यासारखी चकचकीत कातडी आली आणि चमच्याला चिकट ओघळ लागला तर पिठाची शंका घ्यायची. खसखशीचा रस्सा निवला तरी बोटाला रवाळ लागतो, आणि वाटी रिकामी झाली की तळाला बारीक कण दिसतात. त्या कणांचेच पैसे आपण मोजत असतो.

सुरुवातीला, साधारण आखाडापासून दिवाळीपर्यंत, माझं ठाम मत होतं की रस्सा अनलिमिटेड असेल तीच थाळी परवडते. ते मत आता बदललंय. अनलिमिटेडमध्ये गर्दी वाढली की पातेल्यात पाणी वाढतं, आणि ते आधी तांबड्यात कळतं: तिखट तेवढंच राहतं, पण मटणाचा अंश जातो. दोन ज्वारीच्या भाकऱ्यांना दोन वाट्या तांबडा आणि दीड वाटी पांढरा पुरतो. तेवढा मोजून पण दाट मिळत असेल तर तोच स्वस्त पडतो. अनलिमिटेडला जायचंच तर साडेबाराच्या आत, पहिल्या घाण्यावर जावं. बुधवार, शुक्रवार, रविवार हे मटणाचे वार. रविवारी गर्दी दुप्पट, पण पातेलं लवकर संपतं म्हणून रस्सा ताजा. बुधवारी जागा मिळते, पण दोननंतर जाऊ नये. श्रावणात आणि नवरात्रात बऱ्याच ठिकाणी मटणाचा घाणा लहान असतो, तेव्हा नुसत्या रिकाम्या टेबलांवर भुलू नये. "स्पेशल" थाळीचं म्हणाल तर त्यात खिमा, अंडं आणि एखादा गोड पदार्थ वाढतो, रस्सा तोच. साध्या मटण थाळीत पोट भरतं.

मिसळीवर थोडक्यात. उद्यमनगरातली फडतरे, कसबा बावड्याची बावडा मिसळ आणि खासबागेची, या तिन्ही नावांवर शहरात वाद घालायला माणसं कायम तयार असतात. त्या वादात न पडता वेळेचं सांगते: सकाळी साडेआठ ते दहा. कट, म्हणजे मिसळीचा रस्सा, सकाळभर आचेवर राहतो, आटत जातो, आणि साडेअकराला तोच कट खारट आणि जड लागतो. तेल नको असेल तर "तर्री कमी, खालचा कट" असं आधीच सांगावं, वाटी आल्यावर नाही. फरसाण चार-पाच मिनिटांत मऊ पडतं, म्हणून सगळा कट एकदम ओतू नये. निम्मा ओतून खावं, मग उरलेला घ्यावा. पावाऐवजी स्लाइस ब्रेड हे आधी खटकलं होतं. आता पटलंय. जाड ताजी स्लाइस कट झटकन पिते आणि तुटत नाही, पावाचा मात्र वरचा भाग ओला होतो आणि आतला कोरडाच राहतो. शिळी स्लाइस दिली तर बिनदिक्कत परत करावी, ताजी मिळते.

गंगावेशचा दूध कट्टा हा माझ्या दृष्टीनं या शहराचा सगळ्यात वेगळा भाग आहे. म्हैस रस्त्याकडेला उभी, धार समोर काढली जाते, आणि धारोष्ण दूध पेल्यात पडतं. तालमीच्या गावात ही सवय कुठून आली हे वेगळं सांगायला नको. पण पेल्याचा हिशेब समजून घ्या. उंचावरून धार पडते, फेस जवळजवळ पाव पेला व्यापतो. तो मिनिटभर बसू द्यावा आणि मग वर थोडी धार मागावी. नेहमीच्या गिऱ्हाइकाला ती न मागताच मिळते. दूध अंगाच्या उबेचं असतं, साखर घालायची गरज पडत नाही. मात्र हे कच्चं दूध आहे. लहान मुलं, गरोदर बायका आणि पोटानं नाजूक माणसांनी ते घरी नेऊन उकळूनच प्यावं. डबा स्वतःचा न्यावा.

संध्याकाळी खासबागेजवळ राजाभाऊंची भेळ. शेजारचं कुस्तीचं मैदान शाहू महाराजांनी बांधलेलं, 1912 साली पुरं झालेलं, ते आतून बघून मग भेळ खावी. ओली भेळ उभ्या उभ्या संपवायची असते. पार्सल न्यायचं तर चिंच-गुळाचं पाणी, कांदा आणि चुरमुरे तिन्ही वेगळे बांधून मागावेत, नाहीतर घरी पोचेपर्यंत लगदा होतो.

बसायला रंकाळा. तलाव शहराच्या पश्चिमेला, त्यामुळे शहराकडच्या काठावर बसलं की सूर्य पाण्यापलीकडे समोर मावळतो. गाड्यांची गजबज चौपाटीला, निवांतपणा शालिनी पॅलेसच्या बाजूला. तलावातला दगडी संध्यामठ पावसाळ्यात पाण्यात जातो, तो नीट बघायचा तर उन्हाळा बरा. पण उन्हाळ्यातच पाणी हिरवं होतं आणि वारा पडला की वास येतो. म्हणून मार्च ते मे सकाळी सहाला जावं, बाकी वर्षभर संध्याकाळी. रंकाळ्याची ही अवस्था बघवत नाही, हेही इथं लिहून ठेवते.

आता पार्सलचं, कारण पांढऱ्याची सगळ्यात जास्त वाट तिथंच लागते. प्लास्टिकच्या पिशवीत उकळता रस्सा बांधतात, घरी आणून तो गॅसवर ठेवला जातो आणि फुटतो. घरून झाकणाचा स्टीलचा डबा न्यावा. तांबडा आणि पांढरा वेगवेगळ्या डब्यांत घ्यावेत, आणि पांढऱ्याचा डबा पूर्ण भरू नये, ढवळायला जागा ठेवावी. घरी पातेल्यात पाणी उकळून गॅस बंद करावा, त्यात डबा उभा ठेवावा आणि सात-आठ मिनिटं तळापासून ढवळत राहावं. वाफ दिसली की बास. तरीही फुटलाच, तर सात-आठ काजू गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून गंधासारखे वाटा, त्या वाटणात आधी दोन डाव रस्सा कालवा आणि मग ते उरलेल्या रस्स्यात सोडून रवीनं हलकं घुसळा. मूळची चव परत येत नाही, पण भाकरी कुस्करून खाता येईल इतका तो सुधारतो. तांबड्याला हे काहीच लागत नाही, तो दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी चांगला लागतो.