नाण्याचं पाणी की नळाचं?

मलप्रभा नदी उगम पावते आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, कणकुंबीला. तरी उन्हाळ्यात घागर घेऊन फिरणं चुकत नाही!

गावोगावच्या शुद्ध पाण्याच्या केंद्रात नाणं टाकलं की २० लिटरचा कॅन भरतो. तिथल्या आरओमुळे, म्हणजे बारीक पडद्यातून दाबाने पाणी गाळण्यामुळे, क्षार, फ्लोराइड, नायट्रेट बरंच कमी होतं. बोअरचं पाणी जड असेल तिथे याला तोड नाही. पण मशीनमधून बरंच पाणी नुसतं गटारात जातं, वीज गेली की सगळं ठप्प. शिवाय कॅन उचलणार कोण? घरातली बाईच.

नळाचं तसं नाही. घरोघरी नळ देणाऱ्या २०१९ च्या जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर. पिणं, स्वयंपाक, आंघोळ सगळं त्यात. खोट एकच, पाणी ठरावीक वेळीच येतं. मधल्या वेळात पाइप रिकामा पडतो आणि फुटक्या सांध्यातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. म्हणून जंतू मारायला शेवटच्या घराच्या नळालाही लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. वास येतो म्हणून कुरकुरणाऱ्या आमच्या आजीला हे कोण पटवणार?

डोंगराकडच्या गावांत क्षारांपेक्षा जंतूंची भीती जास्त. तिथे मी नळ आणि क्लोरीनच घेईन.