उन्हाळ्यात कुत्र्यासाठी जेलची गादी की जाळीची खाट?
जेलची, म्हणजे आत घट्टसर द्रव भरलेली, गादी कुत्र्याच्या अंगातली उष्णता ओढून घेते, पण तिलाही मर्यादा आहे. तासभर एकाच जागी पसरलं की जेल कोमट होतं आणि कुत्रं उठून फरशीवर जातं. उन्हात राहिलेली गादी तर उलट तापते. चावऱ्या पिल्लाला ती देऊच नका. शिवण उसवली की जेल पोटात जातं.

जाळीची खाट स्वतः थंड नसते. जमिनीपासून १५-२० सेंमी वर असल्याने पोटाखालून वारा खेळतो, एवढंच. पंखा खाली, खाटेच्या उंचीला लावा आणि पोट, पंजे ओले करा. मग फरक कळतो. दिवसभरासाठी खाटच बरी, फिरून आल्यावर अर्धा तास गादी.

धाप थांबत नसेल, हिरड्या लालभडक दिसल्या, तर दोन्ही सोडा: अंगावर गार पाणी ओता, वारा घाला, डॉक्टर गाठा.