पिकअप घेताना घर्रघर्र: सायलेन्सरचा पाइप बदलून झाला, खरा चोर माउंटिंग निघालं (काही महिने वापरल्यावर)

गाडी तीन सिलिंडर पेट्रोल, मॅन्युअल, पुढच्या चाकांची. बाकी स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठच आहेत त्यामुळे ते परत टाइप करत नाही. सीट छान, एसी छान, डिकी पुरते. मी लिहितोय ते फक्त इंजिनखालच्या एका वीतभर तुकड्याबद्दल, ज्याला टॉर्क माउंटिंग म्हणतात, म्हणजे इंजिन पिळवटू नये म्हणून त्याला धरून ठेवणारा रबरी आधार. त्याने माझं जेवढं डोकं खाल्लंय तेवढं आख्ख्या गाडीने मिळून खाल्लं नसेल.

सुरुवात अशी झाली की पहिल्या दुसऱ्या गिअरमध्ये जरा दाबून रेस दिली की खालून घर्रर्र, आणि मागोमाग फरफर असा फाटका आवाज. पाय उचलला की गप्प. सर्व्हिस सेंटरला नेली तर ठरलेलं उत्तर, "सर तीन सिलिंडर आहे, आवाज असणारच." अहो असणारच तर नवीन असताना का नव्हता? जॅकवर घेतली तेव्हा सायलेन्सरच्या पुढचा जाळीचा फ्लेक्सिबल पाइप फाटलेला दिसला, तो बदलला, बिल घेतलं, गाडी एकदम शांत. मी खूश. काही आठवड्यांत परत तीच फरफर, परत तोच पाइप. दुसऱ्यांदा त्यांचं म्हणणं की तुम्ही खड्ड्यातून चालवता.

मग मी स्वतः बसून डोकं लावलं. गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये रेस दिली तर फरफर थोडी येते, पण घर्रर्र अजिबात नाही. म्हणजे फरफर एक्झॉस्टची आणि घर्रर्र वेगळ्या कशाची तरी, हे दोन आवाज आहेत हेच आधी कोणी वेगळं केलं नव्हतं. चाकाचं बेअरिंग गेलं असतं तर गुणगुण वेगाबरोबर वाढली असती आणि पाय उचलल्यावरही राहिली असती, शिवाय वळणावर कमी जास्त झाली असती. बाहेरचा सीव्ही जॉइंट (इंजिनची ताकद चाकाला नेणाऱ्या दांड्याचा चाकाकडचा सांधा) गेला तर स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना कटकट येते, तीही नाही. हीट शील्डचा, म्हणजे एक्झॉस्टची उष्णता अडवणारा पातळ पत्रा सुटला असेल तर ठराविक आरपीएमला पत्र्यासारखा झणझणतो, आणि तो उभ्या गाडीतही ऐकू येतो. माझी घर्रर्र यायची फक्त गाडी ओढताना, आणि पहिल्या गिअरमध्ये सगळ्यात जास्त, चौथ्यात त्याच आरपीएमला जवळपास नाहीच.

इथेच उत्तर होतं. आडव्या बसवलेल्या इंजिनमध्ये चाकाला जेवढा टॉर्क (फिरवणारा जोर) जातो तेवढाच उलटा झटका माउंटिंगवर येतो, नुसत्या इंजिनचा नाही, गिअरने वाढवलेला सगळा. म्हणून पहिल्यात इंजिन सगळ्यात जास्त पिळवटतं. बॉनेट उघडून भावाला आत बसवलं, हँडब्रेक आणि ब्रेक दाबून, पहिल्या गिअरमध्ये क्लच जेमतेम सोडायला लावला आणि मी बाजूला उभा राहिलो (गाडीसमोर उभं राहू नका, खरंच). इंजिन ओल्या कुत्र्याने अंग झटकावं तसं हललं. रिव्हर्समध्ये उलट्या बाजूला. खालच्या टॉर्क माउंटिंगचं रबर मधोमध फाटलेलं होतं आणि लोखंड लोखंडावर आपटत होतं, तीच घर्रर्र. आणि इंजिन इतकं डोलतंय म्हटल्यावर त्याला जोडलेला बिचारा फ्लेक्सिबल पाइप टिकणार कसा? म्हणजे पाइप हा परिणाम होता, आणि मी परिणामाचंच बिल भरत होतो.

चेक इंजिनचा दिवा एकदाही लागला नाही म्हणून "गाडी ओके आहे" असंही ऐकवलं गेलं. माझ्या गाडीत हा पाइप वरच्या ऑक्सिजन सेन्सरच्या (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) नंतर येतो, तिथली गळती त्या सेन्सरला कळतच नाही. तोपर्यंत खालून धूर केबिनमध्ये यायची भीती, आणि कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, तेव्हा फरफर ऐकून महिनोन् महिने फिरू नका.

आता माउंटिंगचा रिव्ह्यू. चिडून मी पॉलियुरेथेनवालं (पीयू) टाकलं, रबरपेक्षा कडक, फाटणार नाही म्हणे. पहिले काही दिवस मी त्याला पाचपैकी पाच देणार होतो, गिअर टाकताना खटका नाही, पिकअप एकदम घट्ट, घर्रर्र गायब.

हा वरचा भाग लिहून ठेवला होता, त्यानंतर मत बदललंय. सिग्नलला ८०० आरपीएमवर गाडी उभी असली की तीन सिलिंडरचे सेकंदाला २० ठोके पडतात, आणि ते सगळे आता स्टिअरिंग, आरसा, सीटच्या पाठीतून मला कळतात. एसी लावला की दरवाजाच्या कप्प्यातली नाणी वाजतात. थोडं बसेल, थोडं बसेल म्हणत वाट पाहिली, थोडं बसलंही, पण रबरची सर नाही. घरचे म्हणतात आधीचा आवाज बरा होता, निदान चालू गाडीत यायचा. शेवटी काढून कंपनीचं रबरवालं टाकलं आणि गाडी परत माणसात आली. सतत दाबून चालवणाऱ्याला पीयू चालेल, ट्रॅफिकमध्ये तासभर उभं राहणाऱ्याने पैसे वाचवावेत. तीनपैकी बाकीची दोन माउंटिंगंही तेव्हाच बघून घ्या, एक गेलं की बाकीच्यांवर भार येतो.

बसवताना एक गोष्ट मेकॅनिककडून करून घ्याच. बोल्ट आधी हलके लावायचे, इंजिन त्याच्या जागेवर निवांत बसू द्यायचं आणि मगच टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने कसायचा पाना) कसायचे. नाहीतर नवीन रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं. आणि जुना पार्ट तुमच्या डिकीत ठेवायला सांगा. मी मागितला तेव्हा "फेकला सर" म्हणाले, आणि पाच मिनिटांनी तोच पार्ट बेंचखालून निघाला.