घोटा मुरगळून दीड-दोन महिने झाले, तरी बरा नाही: व्यायाम, एमआरआय की ऑपरेशन?

बर्फ लावून झाला, क्रेप बँडेज झालं, सूजही उतरली. तरी जिना उतरताना घोट्यात कळ येतेच. आता कुणी फिजिओ सुचवतं, कुणी एमआरआय, कुणी इंजेक्शन. त्याआधी एवढं बघा: घोटा दुखतो, की दगा देतो?

चालता चालता अचानक आत वळत असेल, तर व्यायामच आधी. ताणलेल्या अस्थिबंधाबरोबर (लिगामेंट, हाडाला हाड जोडणारा पट्टा) पाऊल कसं पडतंय याची जाणीवही बिघडते आणि बाहेरच्या बाजूचे स्नायू उशिरा सावरतात. भिंतीजवळ एका पायावर उभं राहून डोळे मिटा. चांगला पाय तग धरतो आणि दुखरा लगेच डुगडुगतो, हा फरक तुमचा तुम्हालाच दिसेल. एका पायावर तोल, रबरी पट्ट्याविरुद्ध पाऊल बाहेर ढकलणं, टाचा उचलणं: हे 6 ते 12 आठवडे नेटाने करायचं. बहुतेक जण दुखणं थांबलं की व्यायामही थांबवतात, घोडं तिथेच अडतं. खेळताना लेस बांधायचा ब्रेस वापरा, पण व्यायामाच्या जोडीला, त्याऐवजी नव्हे.

दुखणं खोल सांध्यात असेल, चालल्यावर पुन्हा सूज येत असेल, सांधा अडकत असेल, तर एमआरआयला अर्थ आहे. घोट्याच्या हाडावरच्या कूर्चेची इजा साध्या एक्स-रेत निसटू शकते. एक्स-रे मुळात काढलाच नसेल तर आधी तो. करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावरचं हाड मोडलं तरी मुरगळल्यासारखंच वाटतं. घोट्याच्या बाहेरच्या हाडामागे शीर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा स्नायुबंध, सटकल्यासारखी वाटत असेल, तर पाऊल हलवत केलेली सोनोग्राफी जास्त कामाची. आणि हो, रिपोर्टमध्ये ‘लिगामेंट टेअर’ वाचून घाबरू नका; काहीच त्रास नसलेल्यांच्या घोट्यातही जुनी फाट दिसते.

स्टेरॉइड इंजेक्शन मी यादीत शेवटी ठेवेन. आराम पडतो, पण तात्पुरता, आणि स्नायुबंधाला ते कमकुवत करू शकतं. पीआरपीचे, म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सच्या इंजेक्शनचे, पुरावे अजून डळमळीतच.

ऑपरेशनचा विचार 3 ते 6 महिने नीट व्यायाम करूनही घोटा दगा देत राहिला तरच. सैल अस्थिबंध घट्ट करून हाडाशी शिवतात. मग काही आठवडे बूट, खेळायला साधारण 3-4 महिने. आणि मधल्या काळात एका पायावर उभं राहणं चुकत नाहीच.

चार पावलंही टाकता येत नसतील, पाऊल बधिर असेल किंवा पोटरी सुजून दुखत असेल, तर यातलं काहीच ताडत न बसता आजच डॉक्टरांकडे जा.