मास्तरांचा डोंगर : घरातलं जुनं तैलचित्र साफ करून घेतलं, त्याचा अनुभव

आधीच सांगतो, मी चित्रकलेतला माणूस नाही. एलिमेंटरीला सी ग्रेड होती आणि इंटरमिजिएटला बसलोच नाही. तरी लिहायलोय, कारण आपल्याकडं वाडे पडायलेत, त्यातून असली चित्रं निघतात आणि लोक एकतर भंगारात देतात नाहीतर ओल्या फडक्यानं पुसून वाट लावतात. आम्ही तर दोन्हीच्या मधलं काहीतरी करून बसलो होतो.

चित्र आमच्या अंबाजोगाईच्या वाड्यातलं. माळवद गळायला लागलं म्हणून गेल्या वर्षी वाडा उतरवला तेव्हा बैठकीतनं ते खाली काढलं, साधारण दोन बाय तीन फूट, कॅनव्हासवर ऑइल पेंट. मी लहानपणापासून बघतोय ते काळंच. काळा डोंगर, काळी झाडं, आकाशात तीन जागी निळे ठिगळ, आणि खाली उजव्या कोपऱ्यात गवताची पाती असावीत असं काहीतरी. आजोबा त्याला ‘मास्तरांचा डोंगर’ म्हणायचे. आम्हाला वाटायचं कुणा मास्तराचं शेत असंल त्या डोंगराखाली. आजोबा गेले, विचारायचं राहिलं.

जुने दरवाजे, तुळया, पितळी घंगाळं घेणारा एक जण वाडा उतरवताना आला होता, त्यानं चित्र बघितलं आणि म्हणाला हे गिल साहेबाचं दिसतंय, दहा हजार देतो. दुसऱ्या दिवशी फोनवर वीस. आता आपल्याकडं जुनं आणि जरा साहेबी दिसलं की ते गिल साहेबाचं, त्याच्या आणि पारोच्या प्रेमाच्या गोष्टीमुळं नाव सगळ्यांना पाठ आहे. पण मेजर रॉबर्ट गिल अजिंठ्याला आला १८४४ च्या सुमाराला आणि त्याचं काम होतं लेण्यातल्या भित्तिचित्रांच्या तैलरंगात नकला करायचं, त्यातल्या बहुतेक नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये आग लागली त्यात जळाल्या, आणि गिल स्वतः १८७९ ला वारला, भुसावळला कबर आहे. आमच्या बैठकीत तो डोंगर काढून कशाला ठेवंल? असं म्हटल्यावर गडी म्हणतो, मग शिष्याचं असंल, शंभर वर्षांच्या पुढचं आहे हे नक्की, बाहेरदेशी चांगला भाव येतो. मी म्हटलं मालक, शंभर वर्षं झालेलं चित्र १९७२ च्या कायद्यानं पुरावशेष होतं, ते देशाबाहेर नेता येत नाही आणि असल्या वस्तूंचा धंदा करायला लायसन्स लागतं. चहा अर्धा टाकून गेला.

मग आमची चूक. लातूरला एका फ्रेमवाल्याकडं नेलं (नाव घेत नाही, त्याच्याकडं लग्नाचे फोटो चांगले होतात). त्यानं चित्रावर जवसाचं तेल चोळलं, तीनशे रुपये घेतले, आणि खरं सांगतो दोन दिवस चित्र असं उघडलं की आम्ही खुश. तिसऱ्या महिन्यात आधीपेक्षा जास्त काळं-पिवळं, वर धुळीचा थर चिकटलेला, हात लावला तर चिकचिक.

ज्यांचा हा रिव्ह्यू आहे ते जुनी चित्रं साफ-दुरुस्त करणारे सर भेटले साडूच्या पोरामुळं, तो संभाजीनगरला आर्ट कॉलेजात शिकतो. गुलमंडीच्या मागं, दुसरा मजला, बोर्ड नाही. मुद्दाम लावत नाही म्हणे, कारण बोर्ड बघून लोक देवांचे फोटो लॅमिनेट करायला घेऊन येतात. म्हणून नाव मीही लिहीत नाही, आर्ट कॉलेजच्या कुठल्याही पोराला विचारा, सांगंल. जिना इतका अरुंद की चित्र आडवं धरून न्यावं लागलं. गाडी लावायला जागा शोधण्यात पाऊण तास गेला, त्याचा अर्धा स्टार इथंच कापतो.

पहिल्या दिवशी त्यांनी चित्राला हातच लावला नाही. आधी उलटं केलं. म्हणाले, चित्र खरं बोलतं ते पाठीकडून. चौकटीच्या कोपऱ्यात लाकडी पाचरी असतात, त्या ठोकून कॅनव्हास ताणायचा असतो, आमच्या आठपैकी तीन गायब. आपल्याकडं उन्हाळ्यात ४२-४३ डिग्री आणि नंतर पावसाळ्यात भिंतीला ओल, कॅनव्हास कधी सैल कधी ताठ, वरचा रंग मात्र म्हातारा झालेला, तो वाकत नाही, म्हणून तडकतो. मग खिडकी बंद करून जांभळी टॉर्च लावली, ती अल्ट्राव्हायोलेटवाली. सगळं चित्र हिरवट चमकायला लागलं, ते म्हणे जुनं व्हार्निश. आणि आकाशातले ते तीन ठिगळ मात्र काळेकुट्ट. म्हणजे नंतर कुणीतरी वरून रंग लावलाय. मी तिथूनच आईला फोन केला. आई म्हणाली, अरे ती तुझ्या काकाची विटी लागली होती, मग आजोबांच्या भीतीनं त्यानंच दुकानाच्या पाट्या रंगवायचा इनॅमल आणून लावला.

फ्रेमवाल्याच्या तेलाचं सांगितलं तर सर हसले नाहीत, कपाळाला हात लावला. मला तिथं कळलं की ऑइल पेंट म्हणजे मुळात रंगाची पूड आणि जवसाचं तेल, तेच जवस ज्याची आपण चटणी खातो. हे तेल पाण्यासारखं उडून सुकत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि जुनं होत जाईल तसं पिवळं पडतं. म्हणून पांढऱ्या रंगासाठी बरेच जण करडईचं तेल वापरतात, ते कमी पिवळं पडतं. जवस आणि करडई! आख्ख्या मराठवाड्याच्या रब्बीत जे पेरायचो ते. वरून चोळलेलं तेल सुकताना धूळ आत धरून बसतं, आणि नंतर ते काढायला अवघड. आमच्या बिलातले निम्मे पैसे त्या तीनशे रुपयांच्या तेलाचे आहेत असं समजा.

साफसफाई कशी करतात ते बघायला मी दुसऱ्यांदा गेलो. काडीला कापूस गुंडाळून सर तोंडात घालायले आणि मग चित्रावर फिरवायले. थुंकी! मी बघतच राहिलो. तर म्हणे थुंकीत जे एन्झाइम असतात ते वरची धूळ-काजळी हळूच उचलतात, मोठमोठ्या म्युझियममध्ये पण असंच करतात, केमिकल नंतर, तेही आधी कोपऱ्यात नखाएवढ्या जागेवर ट्राय करून. आईला हे अजून सांगितलेलं नाही कारण चित्र देवघराला लागून आहे.

आणि मग डोंगर निघाला. काळा नव्हताच कधी. जांभळट निळा, मधूनच तांबूस, आणि बघितल्या बघितल्या कुणीही सांगंल की हा देवगिरी, दौलताबादचा किल्ला. डाव्या हाताला चांद मिनार, त्याच्या वरच्या निम्म्या भागावर मावळतीचं ऊन आणि खालचा निम्मा सावलीत गेलेला. पुढं बाभळी, धुळीचा रस्ता, बैलगाडी. बैल काही जमले नाहीत, एक तर सरळ शेळी वाटतो. मिनार पण जरा जास्तच उंच काढलाय, मी मुद्दाम खुलताबादच्या घाटाकडं जाऊन फोनमधला फोटो समोर धरून बघितलं, कुठूनच तो एवढा वर येत नाही. पण ते ऊन! पाच-दहा मिनिटंच टिकतं तसलं ऊन, आणि ते बघायला हा माणूस तिथं बरेच दिवस जात असणार, एका दिवसात असं धरता येत नाही. हे माझं मत, सी ग्रेडवाल्याचं.

कोपऱ्यातलं गवत म्हणजे सही निघाली. उर्दूत. सरांना वाचता येईना, मग खाली घड्याळं दुरुस्त करणारे एक चाचा बसतात त्यांना वर बोलावलं, ते गुडघे धरत जिना चढून आले, भिंग डोळ्यालाच लावलेलं. त्यांनी वाचलं: सुरुवातीला सीन, शेवटी दाल, मधली अक्षरं उडालेली, त्याखाली ‘ड्रॉइंग मास्टर’, आणि आकडा १३४१ फसली. निजामाच्या राज्यात सरकारी कागदावर फसली सन चालायचा, कुणबी नोंदी शोधण्याच्या नादात आता अर्ध्या मराठवाड्याला तो हिशेब पाठ झालाय, ५९० मिळवा, म्हणजे १९३१-३२. आजोबा त्या वेळी औरंगाबादला बोर्डिंगात राहून शिकत होते, उर्दू मीडियममध्ये. म्हणजे त्यांना ती सही रोज वाचता येत होती. आम्ही पन्नास वर्षं शेत शोधत बसलो.

म्हणजे ना गिल साहेब, ना शंभर वर्षं. कोल्हापूरच्या चित्रकार आबालाल रहिमानांचं नाव निदान घेतात लोक, ते वारले १९३१ ला, साधारण त्याच सुमाराचं हे चित्र. आमच्या मास्तरांचं पहिलं आणि शेवटचं अक्षर तेवढं आहे. सय्यद असेल, सईद असेल. मी सरांना म्हटलं, मधली अक्षरं भरून टाका ना, चाचा सांगतील काय बसतंय ते, जरा नाव तरी दिसंल. सर ब्रश खाली ठेवून म्हणाले, आकाशातलं भोक मी भरतो कारण आकाश कसं होतं ते आजूबाजूला दिसतंय, आणि माझा रंग उद्या कुणाला काढायचा असेल तर निघतो पण. सही अंदाजानं भरली की ती खोटी सही झाली. तिथं फक्त मागच्या मातीचा रंग हलका टेकवून दिला, बस. जास्तीचे पैसे देतो म्हटलं तरी नाही. मला तेव्हा राग आला होता. आज पाचपैकी साडेचार द्यायलोय ते ह्याच्याच जोरावर.

तक्रारी आहेतच. सहा आठवडे सांगून चार महिने लावले, फोन दहातनं दोनदा उचलतात, पावती मागून घ्यावी लागते. साफसफाई, भेगांचे पापुद्रे चिकटवणं, पाचरी, नवं व्हार्निश असं मिळून साडेसोळा हजार, फ्रेमचे बावीसशे वेगळे. स्वस्त नाही. पण आधीचे, मधले, नंतरचे सगळे फोटो पेनड्राइव्हवर देतात, कुठं काय लावलं ते कागदावर लिहून देतात, आणि नवंकोरं चकाचक करून देत नाहीत. ज्यांना चकाचक पाहिजे त्यांनी जाऊ नका. लावताना बाहेरच्या भिंतीवर नको, थेट ऊन नको, अगरबत्ती लांब ठेवा असं सांगितलंय, त्यातलं शेवटचं आई ऐकत नाही.

चित्रासोबत एक छोटी प्लास्टिकची पुडी पण दिली होती, आकाशातनं खरवडलेला इनॅमल. टाकून देऊ नका म्हणाले, तो पण चित्राचाच भाग होता इतकी वर्षं. दिवाळीत काका आले, चित्रासमोर चष्मा वर-खाली करत बराच वेळ उभे राहिले आणि शेवटी म्हणाले, माझं निळं काढलं का रे. पुडी त्यांना दिली. एकाहत्तर वर्षांचा माणूस, शर्टाच्या खिशात घालून बीडला घेऊन गेला.